दारात न मावणारं देऊळ

१

देऊळ चोरीला गेलं होतं. देवळातली मूर्ती नाही, घंटा नाही, अख्खं देऊळ. संग्रहालयाच्या संचालकांनी फोनवर हे सांगितलं तेव्हा मला हसू फुटलं. विमा कंपनीच्या पाहणीदार बाईने नुकसान ऐकताना हसणं बरं दिसत नाही, म्हणून मी खोकले.

"प्रतिकृती आहे, मॅडम," संचालक म्हणाले. "दगड आणि लाकूड. माझ्या छातीपर्यंत येते. म्हणजे, यायची."

ऑफिसात मला मागून 'टाचणी' म्हणतात. पुढून मॅडम म्हणतात. दोन्ही हाकांना मी ओ देते.

संग्रहालयाच्या तळघरात एक लांबट दालन होतं. डोंगराळ मुलखातल्या देवळांच्या पाच तऱ्हा तिथे पाच काचपेट्यांत मांडलेल्या. एक दगडी शिखराचं देऊळ, त्याच्या माथ्यावर लाकडाची गोल छत्री. दगडावर छत्री कशाला म्हणाल, तर बर्फाचं पाणी सांध्यांत मुरू नये म्हणून. दुसरं एकावर एक लहान होत गेलेल्या उतरत्या छपरांचं. तिसरं बसकं, घरासारखं, वर पाटीच्या काळ्या दगडाचं दुपाखी छप्पर. चौथं टोकदार छपराचं आणि तीन पाकळ्यांच्या कमानीचं. पाचवी पेटी मधोमध होती. कुलूपबंद, आणि रिकामी.

"हे मनोऱ्यासारखं होतं," संचालक म्हणाले. "लाकडाचा थर, दगडाचा थर, पुन्हा लाकडाचा. वर चारी बाजूंनी बाहेर आलेला सज्जा. हे सगळं आता फिरतीच्या प्रदर्शनाला जायचंय. बांधाबांधीसाठी दालन आठवडाभर बंदच ठेवलं होतं. आज अचानक एक फोटोग्राफर आला म्हणून उघडलं, नाहीतर पत्ताही लागला नसता."

मी दाराकडे पाहिलं. एवढं अरुंद, की मी आणि माझी पर्स पाठोपाठ आत आलो होतो.

"यातून ते बाहेर कसं काढणार होतात?"

"चौकट उखडून. सुतार सांगून ठेवलाय."

"चौकट तर जागच्या जागी आहे."

"तेच तर म्हणतोय मी!" संचालकांनी कपाळ पुसलं. "दारातून ते जातच नाही."

"सुटं करून नेलं असेल."

"पूर्वी होत असेल सुटं. शुक्रवारी आम्ही सगळे सांधे डिंकाने भरून घेतले, प्रवासात हलू नये म्हणून. आता तो एकच ठोकळा आहे. फोडल्याशिवाय निघणार नाही, आणि फोडला असता तर चुरा पडला असता."

चुरा नव्हता. जमीन स्वच्छ होती. मी चष्मा चढवून काचपेटीत डोकावले. इतर चार पेट्यांच्या काचांवर आतून धुरकट थर होता. ही मात्र कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत लख्ख होती, कुणीतरी ओल्या फडक्याने पुसून, मग कोरड्याने पुसून घेतल्यासारखी.

"संध्याकाळपर्यंत वाट पाहतो," संचालक म्हणाले. "मग पोलीस. ज्याने केलंय त्याची नोकरी जाईल, आणि तो आतही जाईल. मी गय करणार नाही."

मी मान डोलावली. चोर मी बरेच पाहिलेत. जाताना काच पुसून जाणारा एकही पाहिला नव्हता.

२

पेटीच्या किल्ल्या दोन. एक संचालकांकडे, दुसरी प्रतिकृतींची डागडुजी करणाऱ्या माणसाकडे. त्याला सगळे डिंकोजी म्हणत. तुटलेलं काहीही चिकटवून देतो म्हणून.

त्याच्याआधी मला प्राध्यापक भेटले. प्रदर्शनाची माहिती त्यांनी लिहिली होती, आणि गेलेल्या देवळावर त्यांचा राग होता.

"गेलं ते बरं झालं, असं तोंडावर म्हणता येत नाही," ते म्हणाले आणि तोंडावरच म्हणाले.

"का बरं?"

"कारण तो देवळाचा प्रकारच नव्हे, बाई. मुळात ती धान्य आणि हत्यारं ठेवायची माडी. मागाहून देव वर नेऊन बसवला. मी किती वेळा सांगितलं की ही तऱ्हा वेगळी मांडा. पण बनवणारा हट्टी. म्हणायचा, आमच्या खोऱ्यात देव कोठारातच राहतो, तुमचं काय गेलं?"

"एकाच डोंगररांगेत इतक्या तऱ्हा कशा?"

राग विसरून प्राध्यापक खुलले. "बर्फ पडला की एक खोरं दुसऱ्याला महिनोन् महिने भेटत नाही. ज्याच्या त्याच्याकडे ज्याचं त्याचं लाकूड, ज्याचा त्याचा दगड. एकाने शिखर रचलं, शेजाऱ्याने छपरावर छप्पर चढवलं. दोघांनाही वाटतं की खरं देऊळ आपलंच."

"शेवटचं कधी पाहिलंत तुम्ही ते?"

"शनिवारी. संचालकांची किल्ली घेऊन थरांची जाडी मोजायला गेलो होतो. चुना नाही, माती नाही, खिळा नाही, नुसतं एकावर एक. अंगठ्याने जरा दाबलं तर सगळं करकरलं! मी घाबरून पेटी बंद केली. उगाच माझ्या अंगावर कोसळलं असतं, तर लोक म्हणाले असते मीच पाडलं."

ते आणखी बरंच बोलत होते. मी ऐकलं नाही. शुक्रवारी ज्याचे सांधे भरले, ते देऊळ शनिवारी करकरलं होतं.

३

मागच्या दारावर पहारेकरी बसायचा. त्याला मी मामा म्हटलं, तो मला ताई म्हणाला, आणि खुर्ची द्यायला उठताना कंबर धरून परत बसला.

"काय झालं हो?"

"वय झालं, ताई. दुसरं काय."

"वय एका रात्रीत होतं का? काल कुणी आलं होतं?"

"सोमवार सुट्टीचा. कोण येणार? डिंकोजी होता कामाला. आणि काकू."

"कोण काकू?"

"देवळं ज्यांनी केली त्यांच्या घरच्या. ते गेले मागल्या हिवाळ्यात. काकू दर सोमवारी येतात, पेट्या पुसतात. संचालकांनीच परवानगी दिलीय. पुसणं कसलं हो, नुसत्या उभ्या राहतात. ते छत्रीवालं दगडी देऊळ आहे ना, ते त्यांच्या माहेरचं. मनोरा त्यांच्या यजमानांच्या गावचा. दोघं इथे आले की भांडण सुरू. काकू म्हणायच्या, तुमचं देऊळ म्हणजे लाकडाची चवड. ते म्हणायचे, तुमच्या देवाला छत्री लागते, सर्दी होते वाटतं. असे हसायचे दोघं!"

"काल काकू बाहेर जाताना हातात काय होतं?"

मामाने नजर पायऱ्यांकडे वळवली. मग म्हणाला, "त्यांची चाकाची पिशवी. बाजाराची असते तशी. फडकी, बादली असतं त्यात."

"एकदाच गेल्या?"

"पाणी बदलायला जात होत्या येऊन-जाऊन." त्याचा हात पुन्हा कमरेवर गेला. "दाराशी पायऱ्या आहेत ना. म्हातारं माणूस. मी आपला हात दिला पिशवीला."

"जड होती?"

"ताई, काकूंच्या पिशवीत कोण डोकावणार?"

खरंच, कोण डोकावणार? मी असते तर मीही डोकावले नसते. पण पिशवीत फडकी असती, तर मामाची कंबर आज धड असती. आणि पेटीचं कुलूप उघडायला काकूंकडे किल्ली नव्हती.

४

डिंकोजीची खोली दालनाला लागूनच होती. भिंतीला पकडी, कानशी, निरनिराळ्या जाडीचे ब्रश. माणूस चाळिशीचा, बोटांवर वाळलेल्या डिंकाची पापुद्री. मी आत गेले तेव्हा तो ती पापुद्री सोलत बसला होता.

"शुक्रवारी तुम्ही मनोऱ्याचे सांधे भरलेत?"

"हो."

"कशाने?"

त्याने फळीवरच्या मोठ्या डब्याकडे बोट दाखवलं. मी डबा खाली घेतला. झाकणाभोवतीची पट्टी जशीच्या तशी होती, दुकानातून आली तशी.

"हा नाही, दुसरा होता," तो घाईने म्हणाला. "तो संपला."

"बसा," मी म्हणाले. तो बसलेलाच होता, पण मला तसं म्हणायची सवय आहे. "दारातून न जाणारी वस्तू अख्खी गेली नाही, म्हणजे ती सुटी होऊन गेली. सुटी झाली, म्हणजे डिंक लागलाच नव्हता. प्राध्यापकांनी शनिवारी दाबलं तेव्हा ती करकरली, हे त्याला धरूनच आहे. आणि डिंक लागला असं सगळ्यांना सांगणारा माणूस एकच, तुम्ही. ते सांगितलंत म्हणून सगळे कोड्यात पडले. नाहीतर संचालकांनी पहिल्याच मिनिटाला विचारलं असतं, की हे थर उतरवायला कुणाला येतात?"

त्याने मान खाली घातली.

"येतात कुणाला?"

"ही देवळं करणाऱ्या सरांना यायचे," तो म्हणाला. "मी त्यांच्या हाताखाली शिकलो. आणि काकूंना."

"आणि काच पुसली काकूंनी."

"मी म्हटलं होतं, राहू द्या. म्हणाल्या, सोमवार आहे, पुसल्याशिवाय मी जात नसते." त्याला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. "मॅडम, चोरी नाही ही. गुरुवारी देवळं निघणार, त्याच्या आत परत आणून ठेवणार होतो. आज दालन उघडेल असं कुणाला वाटलं होतं?"

"पण कशासाठी?"

"डिंक एकदा आत गेला की ते पुन्हा कधीच सुटं होणार नाही. मीच लावणार तो. हे काम मला येतं, म्हणून मलाच सांगितलंय." त्याने हातांकडे पाहिलं. "काकू संचालकांना भेटल्या होत्या. एकदा, फक्त एकदा रचू द्या म्हणाल्या. संचालक म्हणाले, हा काही खेळ नाही, वस्तू संग्रहालयाची आहे. ते चुकीचं बोलले असंही नाही. शुक्रवारी मी ब्रश हातात घेतला आणि खाली ठेवला. मग जाऊन काकूंना म्हटलं, सोमवारी पिशवी घेऊन या."

"आणि तुमची नोकरी?"

"ती जाईल," तो म्हणाला. "पण दुपारपर्यंत तरी मला काकूंकडे जाऊ द्या. एकट्याने ते रचता येत नाही. दोन माणसं लागतात."

५

मी संचालकांना फोन केला. देऊळ सापडलं, शाबूत आहे, डिंक मात्र अजून लागलेला नाही, संध्याकाळी आणते, पोलीस नकोत.

"कुणी नेलं?"

"कुणी नेलं नाही, पुसायला काढलं होतं. दालन बंद म्हणून सांगायचं राहून गेलं. माझ्या अहवालात चोरी हा शब्द येणार नाही, तुमच्याही तोंडी येऊ नये. चोरी झाली म्हटलं तर कुलूप, किल्ली, पहारा, सगळ्याची चौकशी मला करावी लागेल. किल्ली शनिवारी कुणाला दिली होतीत, तेही विचारावं लागेल."

संचालकांचा आवाज खाली आला. "संध्याकाळी नक्की? डिंक आजच लागला पाहिजे. यात बदल नाही."

त्यात बदल करायला मी बरीच बोलले. कंपनीचे नियम काढले, असलेले आणि नसलेलेही. पण फिरतीच्या करारातच ते लिहिलं होतं, एकसंध वस्तूच प्रवासाला जाईल. तिथे टाचणीही वाकली.

काकूंचं घर संग्रहालयामागच्या गल्लीत होतं, तळमजल्यावर, चपला काढताच पुढची खोली. खोलीतलं सामान भिंतीला सारून मधोमध जागा केली होती. जमिनीवर चादरी पसरून वासे लांबीप्रमाणे लावलेले, दगड आकाराप्रमाणे. आणि मधे अर्धा मनोरा उभा. देवदाराच्या वाशांचा वास अख्ख्या खोलीत भरला होता.

काकू जमिनीवर बसल्या होत्या. लहानखुऱ्या, पांढरे केस घट्ट बांधलेले. मी कोण ते डिंकोजीने सांगितलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"न्यायला आलात?"

"संध्याकाळी. तोवर रचा."

"मग उभ्या का? बसा. पायांत दगड आहेत, बघून." त्यांनी डिंकोजीला पलीकडे जायची खूण केली. "ह्यांच्या गावचं देऊळ. आमच्याकडे एक शिखर घडवायला कारागिराची उमर जाते. आणि ह्यांच्याकडे बघा, आडवं लाकूड, वर दगड, आडवं लाकूड, वर दगड. पोरखेळ! मी ह्यांना म्हणायचे, यात अक्कल कुठे लागते? तर म्हणायचे, जमीन हलली की कळेल. तुमचं फुटतं, आमचं नुसतं कुशीवर वळतं."

काम सुरू झालं. दोन समांतर वासे, एक अलीकडच्या अंगाला, एक पलीकडच्या. मधे आडवी खुंटी, दोघांना धरून ठेवणारी. पोकळीत दगड. अलीकडच्या माणसाने वासा धरला, तरच पलीकडच्याला खुंटी बसवता येते. एकट्याने ते जमत नाही हे मला तेव्हा पटलं.

"दर वर्षी आम्ही उतरवून पुन्हा रचायचो," काकू म्हणाल्या. "लाकडाला हवा लागावी म्हणून. संग्रहालयात दिल्यावरही ह्यांना येऊ द्यायचे. मी इकडे, हे तिकडे. भांडत भांडत. मग थर वर यायचे, आणि बसल्या जागी ह्यांचं तोंड दिसेनासं व्हायचं. आधी हनुवटी जायची, मग मिशा, मग डोळे. मग नुसता आवाज. आणि आवाजही थांबला की मी वाशावर टकटक करायचे एकदा. हे तिकडून एकदा करायचे. आहे म्हणून."

माझ्या लहानपणच्या खोलीत दोन खाटांमधे कपाट होतं, आणि कपाटापलीकडून ताई बोलायची. ताई जाऊन बरीच वर्षं झाली. तिचं बोलणं मला आठवतं, पण आवाज आठवत नाही, आणि ह्याचं मला फार वाईट वाटतं.

"मला वेड लागलेलं नाही, बरं का," काकू माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "पलीकडे कोण आहे ते मला ठाऊक आहे. पण भिंत डोळ्यांच्या वर गेली की दिसत नाही ना. दिसत नाही तोवर कुणीही असू शकतं. तेवढंच हवंय मला. घटकाभर."

६

डिंकोजीचे डोळे वाशाआड गेले न गेले तोच त्याचा फोन वाजला. संचालक. चौकट काढणारा सुतार आला होता, आणि कुठली काढायची ते दाखवायला डिंकोजी तिथे हवा होता. ताबडतोब.

तो उठून उभा राहिला. मनोऱ्याच्या भिंतीवरून त्याचं तोंड दिसलं आणि काकूंचा चेहरा पडला. हातातला दगड त्यांनी हळूच चादरीवर ठेवला.

"जा तू," त्या म्हणाल्या. "राहिलं तर राहिलं."

तो माझ्याकडे बघत होता. मला पंचवीस वर्षांत नुकसान मोजायला शिकवलंय, रचायला कुणी शिकवलेलं नाही. मी पर्स कोपऱ्यात ठेवली, साडी खोचली आणि भिंतीच्या कडेकडेने पलीकडे जाऊन त्याच्या जागी बसले. जाताना डिंकोजीने माझ्या कानाशी सांगितलं, "वासा घट्ट धरा. बोलू नका."

काकूंनी मला तिकडे जाताना पाहिलं होतंच. थोड्या वेळाने वरून एक वासा सरकत आला. मी धरला. खुंटी बसली. मग दगड. मग पुन्हा वासा. माझे हात चुकत होते, आणि पलीकडून एक सुरकुतलेलं बोट येऊन लाकूड जरासं सरळ करून जायचं. असे काही थर गेले. माझ्यासमोर आता नुसतं लाकूड आणि दगड होता, आणि खोलीत दोन माणसांचा श्वास.

मग पलीकडून बोलणं सुरू झालं. ते माझ्याशी नव्हतं.

"अहो, नळ गळतोय मोरीतला. किती दिवस सांगतेय." दगड बसला. "तुमचे चष्मे मी कुणाला दिले नाहीत. तिन्ही आहेत." वासा आला. "माहेरची माणसं म्हणतात, ये इकडे राहायला. छत्रीखाली. मी म्हटलं, नको. तिथून हे दिसत नाही."

मी वासा धरून होते.

माझ्या बाजूच्या चादरीवर आता दोनच वासे उरले होते. त्यानंतर सज्जा, मग छप्पर, की संपलं. कोपऱ्यातल्या पर्समधे माझा फोन थरथरायला लागला. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं होतं. संचालकांना दिलेली वेळ झाली असणार.

पलीकडे सगळं शांत झालं. मग वाशावर बोटाच्या पेराने कुणीतरी वाजवलं. एकदाच.

मी हात वर केला आणि माझ्या बाजूने वाजवलं. एकदाच.

मग नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मग हसल्याचा.

"किती उशीर केलात," काकू म्हणाल्या. "बसा आता थोडं. लगेच उठू नका."

फोन थांबला आणि पुन्हा सुरू झाला. तो बंद करायला कोपऱ्यापर्यंत जायला हवं होतं. पण उठले असते तर भिंतीवरून माझं डोकं त्यांना दिसलं असतं, म्हणून मी तशीच बसून राहिले.